साडेचार गुंठे मका आणि पंधरा ड्रम मुरघास

११ जानेवारी
आज उकिरडा उकरला. वरचा वीतभर थर वाळलेला, त्यात कडब्याची अख्खी चिपाडं. हातभर खाली गेल्यावर काळं, भुसभुशीत, शेणाचा वास पार गेलेलं खत लागलं. अण्णा म्हणाले, "वरचं काय नि खालचं काय, शेणखत ते शेणखत." मला ही दोन वेगळी खतं वाटतात. प्रयोगात खालचंच घ्यायचं ठरवलं.

हे सगळं कशासाठी, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही पशुपालनाची संस्था सुरू केली आणि आमच्या या भागात संकरित गाय घरोघर आली. आमच्या गोठ्यात आज १४ जनावरं आहेत. संकरित गाईला बारा महिने सारखी वैरण लागते, म्हणून मुरघास, म्हणजे हिरवा मका कुट्टी करून हवाबंद मुरवलेली वैरण. गेल्या वर्षी आमचा मुरघासाचा खड्डा तळाला बिघडला. काळपट, चिकट, खवट तुपासारखा वास. दोन ट्रॉल्या उकिरड्यावर गेल्या. अण्णांच्या मते ताडपत्री फाटली म्हणून झालं. ताडपत्री फाटली तर वरचा थर कुजतो. तळ कुजला म्हणजे मका आत गेला तेव्हाच पाणी जास्त होतं. आणि त्या मक्याला कापणीच्या तीन-चार आठवडे आधी एकरी एक गोणी युरिया जास्तीचा पडला होता. माझा संशय त्या गोणीवर आहे. संशयावर घरात भांडण होतं, मोजमापावर होत नाही. म्हणून हा खटाटोप.

१४ जानेवारी
मातीचा अहवाल आला. सामू (पीएच) ८.१, चुनखडी आहे, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के म्हणजे कमीच. पालाश भरपूर. अण्णांनी अहवालातला तेवढा एकच शब्द वाचला आणि म्हणाले, "बघ, पोटॅश उगाच टाकतो आपण."

आखणी अशी : ६ मीटर बाय ५ मीटरचे १५ वाफे, म्हणजे साडेचार गुंठे. पाच प्रकार, प्रत्येक तीनदा. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. विहिरीकडची बाजू कायम ओलसर असते. सगळे चांगले वाफे तिकडे गेले असते तर प्रयोग वायाच.

अ – काहीच नाही.
ब – शिफारशीप्रमाणे पूर्ण रासायनिक. चारा मक्याला हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० स्फुरद (फॉस्फेट), ५० पालाश (पोटॅश). वाफ्याला ६५० ग्रॅम युरिया दोन हप्त्यांत, ९४० ग्रॅम सुपर फॉस्फेट, २५० ग्रॅम पोटॅश.
क – फक्त शेणखत, हेक्टरी २० टनांच्या हिशेबाने वाफ्याला ६० किलो. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरला तर कागदावर तेही १०० किलो नत्रच होतं.
ड – निम्मं शेणखत, निम्मं रासायनिक.
ई – 'ब' सारखंच, वर पन्नासाव्या दिवशी आणखी ३२५ ग्रॅम युरिया. हा आमच्या घरचा रिवाज.

१९ जानेवारी
शेणखत मोजून पसरलं आणि कुळवाने मिसळलं. रात्री पाठ धरली. ६० किलो म्हणजे फार नाही असं वहीत वाटतं. तीन वाफ्यांत चार-चार आणि तीन वाफ्यांत दोन-दोन घमेली विस्कटताना कळतं. एकरी हे आठ टन होतं. रासायनिक खताची पोती सायकलवर येतात, शेणखताला ट्रॅक्टर, डिझेल आणि माणसं लागतात. लोक युरियाकडे का वळतात याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

६ फेब्रुवारी
पेरणी. आफ्रिकन टॉल, चारा मक्याचं वाण. हेक्टरी ७५ किलोप्रमाणे वाफ्याला २२५ ग्रॅम बी, ओळी ३० सेंटीमीटरवर. बियाण्याला अ‍ॅझोटोबॅक्टर, म्हणजे हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं खत, चोळलं, किलोला २५ ग्रॅम, आणि सावलीत सुकवलं. सुपर, पोटॅश आणि निम्मा युरिया ओळीशेजारी रेघ पाडून मातीआड केला. आमच्या चुनखडीच्या जमिनीत युरिया उघड्यावर फेकला तर उन्हाने त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. पैसे दिलेलं नत्र आपल्या नाकासमोर उडून जातं.

१५ फेब्रुवारी
उगवण चांगली. 'ड' च्या एका वाफ्यात कोपरा विरळ, तिथं नांग्या भरल्या.

२६ फेब्रुवारी
वीस दिवस झाले. बांधावर उभं राहिलं की पाच प्रकार डोळ्यांना वेगळे दिसतात. 'ब' आणि 'ई' गडद हिरवे. 'ड' त्यांच्या पावलावर. 'क' मात्र 'अ' पेक्षा जेमतेम बरा, पानं पिवळसर. अण्णा काही बोलले नाहीत, पण 'क' पाशी थांबून माझ्याकडे पाहिलं.

कारण मला माहीत आहे, तरी जीव खट्टू झालाच. कागदावरचे १०० किलो आणि मुळाला मिळणारे १०० किलो एक नव्हेत. शेणखतातलं नत्र सेंद्रिय रूपात बांधलेलं असतं, जिवाणू ते हळूहळू सोडतात, आणि पहिल्या पिकाला त्यातला साधारण तिसरा हिस्साच पोचतो. फेब्रुवारीतल्या थंड रात्रींत जिवाणूही धिम्मे. मक्याला तर विसाव्या दिवसापासून पन्नासाव्यापर्यंत नत्राची भूक सर्वांत जास्त. भूक आज आणि ताट पुढच्या हंगामात, अशी 'क' ची गत आहे. मी वरचं अर्धकच्चं खत घातलं असतं तर आणखी वाईट झालं असतं : कडब्याची चिपाडं कुजवायला जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात. शिवाय हुमणी आणि तण बरोबर आले असते ते वेगळंच.

८ मार्च
दुसरा हप्ता दिला, कोळपणी करून मातीआड, लगेच पाणी. पोंग्यात, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, लष्करी अळी सापडली. डोक्यावर उलटा वाय, शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. ओळखायला चूक होत नाही. वैरण आहे, जनावराच्या पोटात जाणार, म्हणून विषारी फवारणी नको. अळ्या वेचल्या आणि १५०० पीपीएमचं निंबोळीयुक्त औषध लिटरला ५ मिली पोंग्यात जाईल असं मारलं. गडद हिरव्या वाफ्यांत अळ्या जास्त होत्या, कोवळं पान त्यांनाही आवडतं.

२८ मार्च
पन्नासावा दिवस. 'ई' ला जादा युरिया. हे काम मी अण्णांच्या हातूनच करून घेतलं. त्यांच्या मुठीचा अंदाज असा पक्का की ३२५ ग्रॅम शेवटच्या ओळीत बरोबर संपला. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांत मिळते. एवढ्या स्वस्त वस्तूला हात सैल सुटतो, त्यात नवल नाही.

९ एप्रिल
विहीर तळाला गेली. तेरा दिवस मक्याला पाणी नाही. दुपारी पानांच्या सुरळ्या होतात, आता संध्याकाळीही उलगडत नाहीत. तुरे बाहेर पडत असताना हे व्हायला नको होतं.

शेजारचे तात्या म्हणाले, "वाळून जाण्यापेक्षा कापून गाईंना टाका." मी हात जोडून थांबवलं. कॉलेजातली मैत्रीण सकाळीच तिच्या प्रयोगशाळेतून सल्फ्युरिक आम्लात विरघळवलेलं डायफिनायलअमाइन घेऊन आली होती, हातमोजे आणि चष्म्यासकट. नायट्रेट असेल तिथं ते निळं होतं. 'ई' मधलं एक धाट जमिनीलगत कापलं, उभं चिरलं. आत पांढरा ओलसर गाभा. पहिल्या कांड्यावर एक थेंब टाकला आणि श्वास घेऊन सोडायच्या आत तो थेंब शाईसारखा गडद निळा झाला. दुसऱ्या कांड्यावर निळा. तिसऱ्यावर फिका. कणसाजवळ रंग आलाच नाही. 'ब' मध्ये फक्त सर्वांत खालचं कांडं निळसर, 'ड' मध्ये किंचित छटा, 'अ' कोरा.

अण्णा उकिडवे बसून बघत होते. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं : मूळ जमिनीतून नायट्रेट उचलतं, पान ऊन आणि पाण्याच्या जोरावर त्याची प्रथिनं करतं. पान सुकलं की ते काम थांबतं, पण आधी उचललेलं नायट्रेट तसंच खालच्या धाटात साचून राहतं. गाईच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, रक्तात उतरतं आणि रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. रक्त चॉकलेटी पडतं. जनावर तासा-दोन तासांत जातं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपली तांबडी गाय त्या दुष्काळात अशीच गेली. आम्ही म्हटलं साप चावला." मी तेव्हा तिसरीत होते. तिच्या वासराला बाटलीने दूध मीच पाजलं होतं.

११ एप्रिल
तात्यांच्याच बोअरवरून पाणी घेतलं. पाणी दिल्यावर दुसऱ्याच दिवशी कापायचं नाही, हेही अण्णांना सांगितलं. ताणानंतर पाणी मिळालं की मूळ एकदम जास्त नायट्रेट ओढतं. पीक पुन्हा सावरायला चार-पाच दिवस लागतात. आणि मुरघास मुरताना त्यातलं बरंचसं नायट्रेट मोडतं, साधारण निम्मं. म्हणून ताण पडलेला मका ओला टाकण्यापेक्षा मुरवलेला बरा, आणि कापताना धाट वीतभर वर सोडायचं.

२ मे
कणीस मधोमध मोडून दाणे पाहिले. दाण्यावर एक रेघ दिसते : वरची बाजू घट्ट, खालची दुधाळ. रेघ निम्म्यावर आली की मुरघासाला मका तयार. 'अ', 'क', 'ड' निम्म्यावर, 'ब' किंचित मागे. 'ई' चे दाणे अजून नुसते चिकात, नखाने दाबले की दूध उडतं. सगळं एकाच दिवशी पेरलेलं. उशिरा मिळालेल्या नत्राने झाड पानंच वाढवत बसलं, दाणे भरायचं काम मागे पडलं.

५ मे
संध्याकाळी वळीव. अर्धा तास वारा, मग टपोरे थेंब. कंदील घेऊन गेलो तेव्हा 'ई' चे तीनपैकी दोन वाफे आडवे झाले होते. धाटं उंच, पण बोटांनी दाबली तर पोचट. 'ब' चा एक वाफा कललेला. 'ड' उभा. शेणखतातून मिळालेला पालाश आणि मुळांना मिळालेली भुसभुशीत माती, दोन्हीचा हात असावा. उपटून पाहिलेल्या 'ड' च्या झाडाची मुळं माझ्या दोन्ही ओंजळीत मावली नाहीत.

८ मे
कापणी. कडेच्या ओळी सोडून प्रत्येक वाफ्यातला ४ बाय ४ मीटरचा चौरस कापला, ताणकाट्याला टांगून वजन केलं. तीन वाफ्यांची सरासरी, किलोत :

अ ४६, ब ८३, क ६४, ड ८०, ई ९०.

अण्णांनी आकडे मोठ्याने वाचले. 'ई' चा दोनदा वाचला. ९० म्हणजे एकरी साडेबावीस टनांच्या वर. मी काही बोलले नाही. कुट्टी एक ते दोन सेंटीमीटरची केली, ५० लिटरच्या १५ निळ्या ड्रमांत थर देत पायाने तुडवली, प्रत्येकात ३० किलो. गूळ, मीठ, कल्चर काहीही घातलं नाही; मक्यात स्वतःची साखर पुरेशी असते आणि मला खताचा परिणाम बघायचा आहे. झाकणाला पट्टी, वर चिकटपट्टी.

तुडवण्याआधी प्रत्येक प्रकारची मूठ आवळून पाहिली. 'ड' ची मूठ उघडली तर गोळा सावकाश सुटला, तळहात फक्त ओलसर. 'ई' ची आवळली तर बोटांच्या फटीतून हिरवं पाणी मनगटापर्यंत आलं.

९ मे
आईचा मायक्रोवेव्ह दिवसभर अडवला. १०० ग्रॅम कुट्टी, बाजूला पाण्याचा पेला, दोन-दोन मिनिटं सुकवायचं, वजन करायचं, सलग दोनदा वजन तेच आलं की थांबायचं. उरलेलं ते कोरडं द्रव्य.

अ ३३ टक्के, ब २९, क ३१, ड ३१, ई २६.

आता कालच्या वजनाला याने गुणलं. १६ चौरस मीटरमधून कोरडा चारा : अ १५.२ किलो, ब २४.१, क १९.८, ड २४.८, ई २३.४. म्हणजे 'ई' मध्ये 'ब' पेक्षा जे सात किलो जास्त होते, ते पाणी होतं. आम्ही ते पिकाला पाजलं, कापलं, वाहिलं, कुट्टी केलं आणि वजनात धरून खूश झालो. अण्णांसमोर वही ठेवली. त्यांनी कॅल्क्युलेटर मागून स्वतः गुणाकार केला.

१२ मे
'ई' च्या तिन्ही ड्रमांच्या तळाशी रस साचला, एका झाकणातून पाझरला. या रसाबरोबर साखर जाते, आणि आंबट व्हायला साखरच हवी असते.

२३ जून
ड्रम उघडले. ४५ दिवस काल भरले. २५ ग्रॅम मुरघास ऊर्ध्वपातित पाण्यात अर्धा तास ठेवून सामू मोजला.

'ड' आधी उघडला. पिवळसर हिरवा रंग, दाणा दिसतो, पान पानासारखं, लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास. सामू ३.९. 'ब' आणि 'क' ४.०, 'अ' ४.१.

'ई' च्या पहिल्या ड्रमाचं झाकण काढलं आणि डोळ्यांना झोंबलं, तो अमोनिया. वरचा थर ठीक. हात घातला तर खाली काळपट आणि बुळबुळीत. तोच वास, खवट तुपाचा. गेल्या वर्षीचा खड्डा माझ्या हातात होता. सामू ४.९. दुसऱ्याचा ४.८. तिसरा, म्हणजे जो वाफा वळवात उभा राहिला होता, त्याचा ४.३; ओला आहे, पण वास खवट नाही.

या तिसऱ्या ड्रमाने मला बरंच शिकवलं. नुसत्या ओलीने मुरघास हलका झाला, सडला नाही. सडला तो आडव्या पडलेल्या मक्याचा. चिखल लागला, मातीतले आणि शेणातले क्लॉस्ट्रिडियम जिवाणू कुट्टीबरोबर आत गेले, आणि ओल जास्त असल्याने आंबटपणा वेळेत चढला नाही. तेवढ्यात त्यांनी आंबटपणा देणारं लॅक्टिक आम्ल खाऊन खवट वासाचं ब्युटिरिक आम्ल केलं. दोन्हीची सुरुवात तिसऱ्या युरियातच आहे, पण साखळीतल्या कड्या वेगळ्या आहेत. उभ्या मक्यावर कच्च्या शेणाची स्लरी का सोडायची नाही, तेही यातूनच कळतं.

१ जुलै
प्रयोगशाळेचा कागद आला. कच्ची प्रथिनं : अ ६.१ टक्के, ब ८.४, क ७.२, ड ८.२, ई ९.१. अण्णा म्हणाले, "मग 'ई' च बरा की." प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की प्रयोगशाळा नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. डोळ्यांना झोंबलेला अमोनियाही त्या गुणाकारात प्रथिन म्हणून धरला जातो. कागदावरच्या या एका आकड्यावर मुरघास विकत घेऊ नये. सामू आणि वास शेजारी हवेत.

दोन टोपल्या भरून गव्हाणीत ठेवल्या, एकीत 'ड', दुसरीत तिसऱ्या ड्रमाचा 'ई'. सडलेला कुणालाच दिला नाही. आमच्या चांदी गाईने दोन्ही हुंगल्या आणि 'ड' ची टोपली तळापर्यंत चाटली.

६ जुलै
रात्री अण्णा स्वतःच वही घेऊन बसले. तिसरा युरिया बंद, हे त्यांनीच सांगितलं. मग शेणखताचं काढलं : आठ एकरांना चार टनांनी पुरेल इतकं आपल्याकडे आहे का? नाही. मी पालाशाचा हिशेब मांडला. मुरघासात झाड मुळापासून वर सगळं उचललं जातं, जमिनीवर काही उरत नाही. हेक्टरी १५ टन कोरडा चारा नेला आणि त्यात शेकडा एक पोटॅशियम धरलं तरी १५० किलो गेलं. आपण देतो ५० किलो पालाश. अहवालातलं "भरपूर" असं चार-पाच पिकांत उतरतं. गाय ते ठेवून घेत नाही, परत देते. पण बहुतेक सगळं मुतातून. आणि आपण रोज सकाळी गोठा धुऊन ते ओढ्याला सोडतो.

अण्णा उठून बाहेर गेले. बॅटरीच्या उजेडात नालीच्या कडेने ओढ्यापर्यंत चालत गेले आणि परत आले.

१३ जुलै
नालीचा उतार वळवला. उकिरड्याशेजारी चार फूट बाय चार फूट, तीन फूट खोल हौद खणला, आतून सिमेंट. शेण काढून मग धुवायचं, म्हणजे पाणी कमी लागेल आणि मूत पातळ होणार नाही. हे आईने सुचवलं. हौदातलं रोज संध्याकाळी उकिरड्यावर शिंपडायचं, वर वाळल्या पाचोळ्याचा थर. उकिरड्याला पत्र्याची सावली. ऑक्टोबरच्या मक्याला याच ढिगातलं खत, सहा वाफे, तीन जुन्या ढिगाचे आणि तीन नव्या. चिठ्ठ्या अण्णा टाकणार आहेत.